सहाव्या भागातली चूक

प्रिय ठकू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं म्हणतेस, म्हणजे हातात तीन दिवस. त्यातला एक मी चिडण्यात घालवला, एक चष्मा शोधण्यात, आणि आज तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी इथल्याच टेबलावर लिहायला बसलोय. फोन करा म्हणालीस. फोनवर मला "जेवलीस का" आणि "तब्येत बरी ना" याच्या पुढे जाता येत नाही, हे तुला चांगलं माहीत आहे. बाकी सगळं मी आयुष्यभर कागदावरच केलं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत माझं आणि आमच्या फौजी डेपोचं नाव घालून "हा प्रसंग कल्पित नाही, माझ्या वडिलांना खरोखर रजा नाकारली होती" असं छापू का. दुसरी, मी पाठवलेल्या अभिप्रायांच्या यादीत बाविसानंतर एकदम चोवीस कसा आला, तेवीस नंबर कुठे गेला. दोन्हींकडे येतो. पण आधी या लोकांबद्दल मला बोलू दे. महिनाभर यांनी माझं डोकं खाल्लंय, आणि ज्याच्या मुलीने हे सगळं लिहून ठेवलंय त्याला इथे कुणापाशी तक्रारही करता येत नाही. तू टोपणनावाने लिहितेस. 'धुक्यातली पलटण' लिहिणारी बाई माझी मुलगी आहे, हे या वसाहतीत कुणाला ठाऊक नाही. माझ्या तोंडावर लोक तुला वाट्टेल ते बोलतात आणि मी मुकाट्याने शिक्का मारत बसतो.

वाचनालयाचा नियम तुला पाठ आहे. जुनं पुस्तक जमा केल्याशिवाय नवं नाही, आणि जमा करताना वहीत अभिप्राय लिहायचा. डेपोत माझ्या स्टोअरच्या खिडकीवर कुणी फाटके बूट परत आणले की शेरा लागायचा: टाच झिजली, की शिवण उसवली, की नुसतीच नव्याची हौस. शेऱ्याशिवाय नवा जोड नाही. इथल्या लोकांना आधी हे जाचक वाटलं. आता सवय अशी लागलीय की पुस्तक पातळ आणि अभिप्राय जाड. त्यात तुझ्या सहाव्या भागावर तर उड्याच पडल्या. तीन प्रती घेतल्या होत्या, त्यातल्या फिरत्या दोन्हींची पानं सुटायला आलीत.

तिसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टर लिहिते, "कॅप्टन आणि वायरलेसवाली एकशे चाळिसाव्या पानावर भेटतात. तोवर आम्ही काय करायचं?" आणि भेटल्यावर तरी काय, ते धुकं ऐन वेळी विरतं. धुकं आहे तोवरच मेलेल्या कॅप्टनला हात लावता येतो, हे पहिल्या भागापासून सगळ्यांना मान्य आहे, पण तीन वेळा? एकाने लिहिलंय, "लेखिकेचं हवामानखात्याशी काही वैर आहे का?" निवृत्त बसड्रायव्हर आहे, त्याचं म्हणणं असं की दुसऱ्या भागात पलटणीतल्या भुतांना नदी ओलांडता येत नव्हती, आता सहाव्यात गुडघाभर पाण्यातून आरामात चालत येतात, मधे पूल बांधला असेल तर तसं लिहावं. शिवणकामाच्या बाईंनी तर वायरलेसवालीला वडीलकीचा सल्ला दिलाय. जिवंत मेजर समोर असताना मेलेल्या कॅप्टनच्या मागे कशाला लागायचं, मेजरला पगार आहे, पेन्शन आहे, उन्हात सावली पडते. हे सगळं मी तुला अक्षरन् अक्षर उतरवून पाठवलं, कारण अभिप्राय गाळायचा नाही हाही नियमच आहे.

माझी स्वतःची तक्रार वेगळी. तुझा कॅप्टन पाच भाग झाले मेलेला आहे, तरी प्रत्येक भागात त्याचे बूट चकचकीत. ते त्याला देतं कोण? तो कुणाच्या यादीवर आहे? मागच्या पाच भागांना तू मला विचारायचीस. आकडे घालून प्रश्नांचा कागद यायचा: घोंगड्यांचा गठ्ठा किती जणांनी उचलायचा, स्टोअरला वास कसला येतो, खिडकीपुढे रांग कशी लागते. मी एकेका प्रश्नाला पान पान भरून उत्तर द्यायचो आणि ते पुस्तकात जसंच्या तसं आलेलं पाहून दोन दिवस हवेत असायचो. सहाव्या भागाच्या वेळी कागद आलाच नाही. मला वाटलं, मोठी लेखिका झाली, आता बापाला कोण विचारतो. रुसून बसलो होतो, खोटं कशाला सांगू. मग पार्सल आलं, मी वाचायला घेतलं, आणि तू का विचारलं नाहीस ते दोनशे बाराव्या पानावर कळलं. या वेळी तुला विचारायची गरज नव्हती. तुझ्या मते हे तुला माहीतच होतं.

ती स्टोअरकीपरची चाळीस पानं. बायको दूर गावी हॉस्पिटलात, तो रजेचा अर्ज करतो, कर्नल म्हणतो मालाची मोजणी चालू आहे, रजा नाही. बायको जाते. पुढचं धुकं उतरतं तेव्हा पलटणीतल्या मेलेल्या शिपायांमागे ती एकटी बाई चालत येते, डोंगर चढून, ती बसड्रायव्हरची नदी ओलांडून, आणि स्टोअरच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहते. नंबर आला की म्हणते, "रजा मिळाली नाही ना? म्हटलं, मग मीच येते." शिवणकामाच्या बाईंनी लिहिलंय की इथे त्यांनी मशीनवर डोकं ठेवलं आणि अर्धा तास उचललं नाही. बसड्रायव्हर नदी विसरला. तीसपैकी एकोणतीस जणांनी मागणी केलीय की पुढच्या भागात त्या कर्नलला भुतांच्या ताब्यात द्या. डॉक्टर तर पुस्तक परत द्यायला आली ती टेबलापाशी रेंगाळली, आणि तुम्हीपण स्टोअरलाच होतात ना, खरंच अशी माणसं असतात का हो, असं विचारायला लागली. मी खुर्चीचा पाय बघायचं निमित्त करून टेबलाखाली वाकलो. माझी चिडचिड त्या दिवसापासून सुरू आहे. कॅप्टनला नावं ठेवतात तेव्हा माझी करमणूक होते. स्टोअरकीपरची दया येते तेव्हा मला ती वही फाडावीशी वाटते.

आता तेवीस नंबर. तो आमच्या कार्बनचा. माझ्या खालच्या मजल्यावर राहतो, आमच्याच डेपोत रजेच्या ऑफिसात टायपिस्ट होता, प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवायचा म्हणून हे नाव पडलं. प्रेमकथा तो हातात धरत नाही. पण बायकोचा हात प्लास्टरमध्ये, तिला वाचून दाखवता दाखवता स्वतःच अडकला. त्याने वहीत अख्खं पान भरलं. "गंभीर आजाराची रजा कुठलाही कर्नल नाकारत नाही. तार आली की आमचे साहेब उभ्याउभ्या सही करत, बसायलाही थांबत नसत. मी स्वतः अशा एकोणीस चिठ्ठ्या टाइप केल्या. लेखिकेला फौजेतलं ओ की ठो कळत नाही, आणि उगाच एका चांगल्या हुद्द्याची बदनामी होते आहे." एवढं लिहून थांबेल तर तो कार्बन कसला. त्याची प्रत त्याने थेट प्रकाशकाला पाठवली आणि आमच्या वहीचा हवाला दिला, म्हणून तर तुला तेवीसचा पत्ता लागला. नंबर गाळण्याएवढा कच्चा मी कधी नव्हतो. तुझी नजर तर माझ्याहून पक्की, त्याचा आनंद मानायला हवा होता, पण या वेळी नाही जमलं.

प्रकाशक म्हणतात, फौजेतले लोक हसताहेत, प्रसंग बदला. तू म्हणतेस, ज्याने आमचं घर पाहिलं नाही त्याने मला शिकवू नये. पत्रातली तुझी ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. अगदी लहानपणची ठकू दिसली. तुला आठवतं, सातवीत बाईंनी 'मला आवडणारी व्यक्ती' असा निबंध दिला होता आणि तू 'मला न आवडणारी व्यक्ती' असा लिहून दिलास? त्यात आमचे कर्नलसाहेब होते. मला शाळेत बोलावलं. मी बाईंच्या टेबलापाशी उभा राहून तो वाचला, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि मी एवढंच म्हणालो की चांगला लिहिलाय. आणखी एक तू विसरली असशील. तुझी आई गेल्यानंतर चार महिन्यांनी साहेब घरी भेटायला आले होते. दार तू उघडलंस, ओळखलंस आणि त्यांच्या तोंडावर लावून घेतलंस. मी स्वयंपाकघरात होतो. मला सगळं ऐकू आलं. ते बाहेर थोडा वेळ थांबले असावेत, कारण जिन्यावर पावलं बऱ्याच उशिरा वाजली. मी नळ सुरू केला आणि भांडी घासत राहिलो. आता ते नाहीत.

ठकू, त्या साहेबांनी मला स्वतःची जीप दिली होती.

सोमवारी सकाळी तार आली. कार्बनने चिठ्ठी टाइप केली, साहेबांनी त्याच्या टेबलापाशी उभं राहूनच सही केली, आणि स्टेशनवर वेळेत पोच म्हणून जीप काढायला सांगितली. पंधरा दिवसांची रजा. मोजणी नव्हती की काही नव्हतं. मंगळवारी दुपारी मी आपल्या गावात होतो. घरी न जाता बॅग घेऊन तडक हॉस्पिटलात गेलो. दुसरा मजला, लांबलचक व्हरांडा, शेवटी बाक, आणि बाकावर तू. मावशीची पिशवी मांडीवर धरली होतीस, शाळेचे बूट घातले होतेस, एकाची नाडी सुटलेली होती, पाय जमिनीला पोचत नव्हते. तू खाली बघत होतीस म्हणून मी दिसलो नाही. तुझ्या मागे दार होतं, त्याला वर काच होती. तिथवर फार तर तीस पावलं. मावशीने पत्रात लिहिलं होतं की ताई आता ओळखू यायची नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि मला पुढे जाता येईना. मला भीती वाटली. सव्वीस वर्षं मी याला दुसरा शब्द शोधतोय, नाही सापडला. मी वळलो आणि जिना उतरलो.

हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर बसस्टँडजवळ एक लॉज होतं. तिथे खोली घेतली. रोज सकाळी दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो आणि आज जायचं असं ठरवायचो. बुधवारी तसं केलं. गुरुवारी तसं केलं, गुरुवारी फाटकापर्यंत गेलोसुद्धा, तर फाटकावरच्या माणसाने कुणाला भेटायचंय म्हणून साधं विचारलं आणि मी चुकून आलो म्हणालो. शुक्रवारी वर चढलो तेव्हा व्हरांड्यात बाक रिकामा होता आणि खोलीत एक बाई गादी उलटी करत होती. तुझी आई गुरुवारी गेली होती, मी फाटकावरून परतलो त्यानंतर दीड तासाने. हे मी नंतर हॉस्पिटलच्या दाखल्यावर वेळ पाहून हिशेब लावून काढलं. काढायला नको होतं.

तिथून घरी आलो. काय सांगायचं ते वाटेत ठरवलं नव्हतं, तेवढा विचार करायची ताकदच नव्हती. मावशीने दार उघडलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच रडत म्हणाली, "भाऊजी, रजा मिळाली नाही ना? ताई म्हणतच होती, रजा मिळाली नसेल, नाहीतर ते आल्यावाचून राहिले नसते." तुझ्या आईने जाता जाता माझ्यासाठी कारणसुद्धा तयार करून ठेवलं होतं. मी मान हलवली. मी बोललो असं काहीच नाही, नुसती मान हलवली. तू मावशीच्या मागे उभी होतीस आणि ते ऐकत होतीस. तुझ्या पुस्तकातली ती बाई रांगेत उभी राहून जे म्हणते, ते तू त्या दारात ऐकलेलं आहेस. लोक त्या ओळीला रडतात. मी ती वाचली आणि चार दिवस वाचनालय उघडलं नाही, बाहेर पाटी लावली की वाळवीचं औषध मारलंय. तुझा मला भयंकर राग आला होता. तू तिला केवढं चालवलंस, डोंगर काय, नदी काय. तिला रजेची चिठ्ठी लागली नाही की जीप लागली नाही. आणि मी दोन गल्ल्या चाललो नाही.

त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. तो निबंध वाचला त्या दिवशी सांगायला हवं होतं. साहेब दाराबाहेर उभे होते तेव्हा तर नळ बंद करून बाहेर यायचंच होतं. दर वर्षी ते खोटं थोडं थोडं आपल्या घरचं होत गेलं आणि तू त्याच्यावरच वाढलीस. तू चिडलीस की फौजेवर चिडायचीस, आणि मला त्यात बरं वाटायचं, कारण माझ्यावर चिडत नव्हतीस. गेल्या महिन्यात कार्बनने तेवीस नंबर लिहून वही मिटली, मग टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "त्या एकोणिसातली एक तुझी होती, आठवतं ना? वेळेवर पोचला होतास ना रे?" मी हो म्हणालो. एका माणसाला सांगितलं पोचलो, मुलीला सांगितलं रजाच नाही. त्या रात्री यादी उतरवताना माझा हात बाविसावर थांबला आणि पुढचा आकडा मी चोवीस घातला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. प्रस्तावना छापू नकोस. माझं नाव जाईल म्हणून म्हणत नाही, ते गेलं तर हरकत नाही. पण त्या माणसाचं नाव तू न घेताही डेपोतला प्रत्येक जण ओळखेल, आणि मेलेल्या माणसाला वहीत अभिप्राय लिहून खुलासा करता येत नाही. कार्बनवर रागावू नकोस, त्याचं बरोबर आहे. प्रसंग बदलायचा की तसाच ठेवायचा हे तू ठरव, पुस्तक तुझं आहे. मी रागाला पात्र आहे एवढं मला कळतं, आणि तू राग केलास तर या वेळी मी नळ सुरू करणार नाही. एक मात्र आहे. सहावा भाग सगळ्यांत आधी माझ्या नावावर गेला होता आणि तो अजून जमा नाही, कारण मी अभिप्राय लिहिलेला नाही. सबंध वसाहतीला नियम शिकवणारा मी, आणि महिनाभर पुस्तक उशाशी घेऊन झोपतोय. आता दहा मिनिटांत दार उघडायचं आहे. कार्बन रोज पहिला येतो. त्याच्यासमोर मी खालचा मजकूर वहीत लिहिणार आहे आणि त्याला वाचायला देणार आहे. पण त्याच्याआधी तो तुझ्याकडे निघायला हवा, म्हणून हे पत्र आधी पेटीत टाकतो आणि मग कुलूप काढतो. पत्र तुला शुक्रवारी मिळेल की शनिवारी, सांगता येत नाही. प्रस्तावना छापायला द्यायची घाई करू नकोस, हे फोनवर सांगेन, तेवढं मला फोनवर सांगता येईल.

अनुक्रमांक ३१. वाचक: स्टोअरकीपर, निवृत्त. अभिप्राय: पुस्तक चांगलं आहे, कॅप्टनच्या बुटांचं तेवढं बघावं. पान दोनशे बारावर चूक आहे. ती लेखिकेची नाही, तिला माहिती देणाऱ्याची आहे. कर्नलने सही केली होती. रजा मिळाली होती. स्टोअरकीपर गेला नाही.

तुला वाटेल तेव्हा, आणि वाटलं तरच,
तुझाच,
बाबा